दुसरें लग्न, पहिलीं मुलें आणि मृत्युपत्र

(देवळाच्या जुबिलीनिमित्त विवाहित स्त्रीपुरुषांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



जुबिलीच्या आनंदोत्सवांत मृत्युपत्रासारखा उदास विषय कशाला, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. परंतु जुबिली हा शब्द मुळांतच जमिनीच्या वारशाशीं जोडलेला आहे. लेवीय ह्या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस अशी आज्ञा केली आहे कीं, दर पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, दास मोकळे व्हावे, आणि गरिबीमुळें ज्यानें आपली वडिलोपार्जित जमीन विकली असेल त्याच्या घराण्यास ती परत मिळावी. घराण्याची भूमि घराण्यांत राहावी ही काळजी देवानें स्वतः वाहिली. तेव्हां आपल्या देवळाच्या जुबिलीच्या सभेंत सातबाऱ्याचा आणि घरपट्टीचा उच्चार झाला, तर त्यांत संकोच मानण्याचें कारण नाहीं.

आज आम्ही सर्वांच्याच मृत्युपत्राविषयीं बोलणार नाहीं. ज्या घरांत एक जोडीदार देवाघरीं गेल्यावर दुसऱ्यानें पुन्हां लग्न केलें आहे, आणि म्हणून ज्या एका छपराखालीं त्याचीं, तिचीं आणि दोघांचीं अशीं तीन परींचीं लेंकरें वाढत आहेत, त्या घरांपुरतेंच आमचें बोलणें आहे. अशीं घरें आपल्या वसईंत पूर्वींही होतीं, आजही आहेत. फरक इतकाच कीं, पूर्वीं वांटणीस केळीची बाग आणि दोन खणांचें घर असे, आणि आज त्याच बागेच्या कडेपर्यंत इमारती येऊन ठेपल्यामुळें गुंठ्यागुंठ्यावरून भावंडें एकमेकांचें तोंड पाहीनाशीं होतात.

पुनर्विवाहांत कमीपणा कांहीं नाहीं, हें प्रथम स्पष्ट करूं. जोडीदार वारल्यावर मनुष्य पुन्हां लग्न करण्यास मोकळा आहे, हें संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायांत सांगितलेलेंच आहे. तथापि ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेंतील १०७१ वें कलम आपण ध्यानांत घ्यावें. आधींच्या संबंधापासून झालेल्या मुलांविषयीं ज्याच्यावर स्वाभाविक कर्तव्यें उरलीं आहेत, त्याचें लग्न निकडीचा प्रसंग सोडून स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून लावूं नये, असें तें कलम आहे. वरवधूंस हा आणखी एक कागद वाटतो. परंतु कागदामागचा प्रश्न मोठा आहे: ह्या लग्नानंतर पहिल्या मुलांचें काय? त्यांच्या शिक्षणाचें आणि जेवणाखाण्याचें उत्तर बहुतेक जण देतात. वाडीचें काय, घराचें काय, मेलेल्या आईच्या सोन्याचें काय, ह्याचें उत्तर विचारल्याखेरीज कोणी देत नाहीं, आणि विचारणें आपल्याकडे वाईट दिसतें.

पवित्र शास्त्राला मात्र तें वाईट दिसलें नाहीं. उत्पत्तीच्या २५ व्या अध्यायांत अब्राहामाच्या उतारवयाची हकीकत आहे. सारा वारल्यावर त्यानें कटूरा नांवाची स्त्री केली, आणि तिच्यापासून त्यास सहा पुत्र झाले. आपलें सर्वस्व त्यानें साराच्या पुत्रास, इसहाकास, दिलें. परंतु इतर पुत्रांस त्यानें रिकाम्या हातीं ठेवलें नाहीं. आपण जिवंत असतांनाच त्यांस देणग्या देऊन त्यानें त्यांस पूर्वेकडील देशीं वेगळें बसविलें. ‘जिवंत असतांना’ हे शब्द शास्त्रकारानें उगाच घातले नाहींत. पुढें अब्राहामाच्या मूठमातीला इसहाक आणि इश्माएल हे दोघे सावत्र भाऊ एकत्र उभे राहिले, हेंही तेथेंच लिहिलें आहे. ह्याउलट दाविदाच्या घरीं पाहा. वारस कोण हें त्यानें वेळेवर सर्वांसमक्ष सांगितलें नाहीं. म्हणून तो अंथरुणाला खिळलेला असतांनाच एका राणीच्या पुत्रानें राज्य बळकाविण्याचा घाट घातला, आणि शेवटीं एका भावाच्या आज्ञेनें दुसऱ्याचा वध झाला.

आतां आपल्या कायद्याकडे वळूं. आपणां ख्रिस्ती लोकांस १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. हिंदु शेजाऱ्यांचा अनुभव येथें उपयोगी पडत नाहीं, कारण त्यांचा कायदा निराळा. ज्यांची मालमत्ता गोव्यांत आहे त्यांनीं तेथील जाणत्या वकिलास विचारावें. तेथें मुलांसारख्या निकटच्या वारसांसाठीं अर्धा भाग राखून ठेवलेला असतो, आणि तो मृत्युपत्रानें सहसा काढून घेतां येत नाहीं. आमच्या इकडे तसा राखीव भाग नाहीं. मनुष्य आपल्या मालकीचें सर्व कांहीं वाटेल त्याला लिहून देऊं शकतो. हें स्वातंत्र्य मोठें आहे, आणि तितकीच मोठी त्याची जबाबदारी आहे.

जो मृत्युपत्र न करतां मरतो त्याची वांटणी कायदा करतो. पत्नी आणि संतति मागें असल्यास पत्नीला एक-तृतीयांश आणि संततीला दोन-तृतीयांश. मुलगा व मुलगी ह्यांत भेद नाहीं, आणि पहिल्या बायकोचीं व दुसऱ्या बायकोचीं मुलें ह्यांतही भेद नाहीं. परंतु पत्नीनें आपल्याबरोबर आणलेलें मूल, ज्याला ह्या गृहस्थानें आपल्या ताटांत वाढविलें, तें कायद्याच्या दृष्टीनें त्याचें कोणीच नव्हे. त्यास कांहीं मिळत नाहीं. अशा मुलाला २०१५ च्या बालन्याय कायद्याखालीं रीतसर दत्तक घेतां येतें, आणि मग तें सर्व अर्थांनीं आपलें होतें. तें न केल्यास मृत्युपत्रांत त्याचें नांव घालण्यावांचून उपाय नाहीं. ‘माझीं मुलें’ एवढेंच लिहिल्यानें तें त्यांत येत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. एका विधुरास पहिल्या पत्नीपासून तीन मुलें आहेत. त्यानें एका विधवेशीं लग्न केलें. तिची एक मुलगी तिच्याबरोबर आली. आणि ह्या दोघांस एक मुलगा झाला. गृहस्थ मृत्युपत्र न करतां वारला. पत्नीला एक-तृतीयांश गेला. उरलेल्या दोन-तृतीयांशांत त्याचीं चार मुलें, म्हणजे प्रत्येकीं एक-षष्ठांश. पुढें ती बाईही तशीच वारली. आतां तिचा एक-तृतीयांश कोणाकडे जातो? तिच्या सावत्र मुलांकडे नव्हे, तर तिच्या पोटच्या दोन लेंकरांकडे, निम्मानिम्मा. अखेरचा हिशेब असा कीं, धाकट्या मुलास दोन-षष्ठांश, पहिल्या घरच्या तिघांस एकेक षष्ठांश, आणि गृहस्थाशीं रक्ताचें नातें नसलेल्या मुलीसही एक षष्ठांश, तोही त्याच्या इच्छेनें नव्हे तर योगायोगानें. बाई आधीं वारली असती तर त्याच मुलीस त्याच्याकडून कवडीही मिळाली नसती. कोण आधीं मरतो ह्यावर मुलांचें नशीब टांगून ठेवणें ही कांहीं बापाची व्यवस्था नव्हे.

आणि त्या बाईचीही अवस्था पाहा. ज्या घरांत तिनें वीस वर्षें चूल पेटविली त्यांत तिचा हिस्सा तिसरा. सावत्र मुलांनीं वांटणी मागितली तर घर विकून पैसे वांटण्यापर्यंत पाळी येऊं शकते. सावत्र आई म्हटली कीं आपल्या गोष्टींत ती दुष्टच असते. मृत्युदफ्तर आणि विवाहदफ्तर चाळणाऱ्या आम्हां पाद्र्यांस निराळी सावत्र आई ठाऊक आहे: दुसरीचीं तीन लहान मुलें शाळेंत पोंचविणारी, आणि म्हातारपणीं त्याच मुलांच्या दारीं संकोचानें उभी राहणारी.

येथें आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगतों, कारण ती फारच थोड्यांस ठाऊक आहे. १९२५ च्या कायद्याचें ६९ वें कलम असें आहे कीं, लग्न झालें कीं त्यापूर्वीं केलेलें मृत्युपत्र आपोआप रद्द होतें. एखादा सावध विधुर पहिल्या मुलांच्या नांवें सर्व लिहून ठेवतो, कागद कपाटांत ठेवून निश्चिंत होतो, आणि पांच वर्षांनीं लग्न करतो. लग्नाच्या दिवशीं वेदीपुढें त्यानें होकार दिला, त्याच क्षणीं कपाटांतला तो कागद निरर्थक झाला. तें मृत्युपत्र नोंदलेलें असलें तरी फरक पडत नाहीं. म्हणून ज्यांनीं पुनर्विवाह केला आहे त्यांनीं जुन्या कागदावर विसंबूं नये. लग्नानंतर नवें मृत्युपत्र करावें, तेंही लौकर.

दुसरी गोष्ट पहिल्या पत्नीच्या मालमत्तेची. ती मृत्युपत्रावांचून वारली असेल तर तिच्या स्वतःच्या वस्तूंत नवऱ्याचा हिस्सा एक-तृतीयांश, आणि दोन-तृतीयांश तिच्या मुलांचे. तिच्या बापानें तिला दिलेली जमीन, तिचे लग्नांतले दागिने, तिच्या नांवची ठेव, ह्या सर्वांस हाच नियम. मुलें अज्ञान होतीं म्हणून त्यांचा हक्क नाहींसा होत नाहीं. तो गृहस्थ पुढें तें सोनें दुसऱ्या पत्नीच्या गळ्यांत घालतो तेव्हां त्यास वाटतें कीं आपण आपलें सोनें दिलें. वस्तुतः त्यांतलें दोन-तृतीयांश दुसऱ्याचें असतें. जें आपलें नाहीं तें मृत्युपत्रानेंही देतां येत नाहीं. म्हणून लग्नाआधीं एका वहींत पहिल्या पत्नीच्या वस्तूंची यादी करावी, मुलांची आजी किंवा मामा ह्यांस समोर बसवून करावी, आणि खालीं सह्या घ्याव्या. ह्या एका वहीनें जितकीं भांडणें मिटतील तितकीं आमच्या दहा प्रवचनांनीं मिटणार नाहींत.

आतां मृत्युपत्र करावें तर कसें? चांगल्या माणसांच्या हातून येथें दोन चुका होतात. एक जण म्हणतो, सगळें बायकोच्या नांवें करतों, ती मुलांचें पाहील. दुसरा म्हणतो, सगळें मुलांच्या नांवें करतों, तीं आईला सांभाळतील. दोघांचाही विश्वास प्रामाणिक असतो. परंतु पहिल्या रीतीनें पत्नी पूर्ण मालक होते. तिनें पुढें स्वतःच्या भावाला दिलें तरी कायदा विचारणार नाहीं, आणि तिनें कांहींच लिहिलें नाहीं तरी सावत्र मुलांस त्यांतलें कांहीं मिळणार नाहीं. दुसऱ्या रीतीनें ती आपल्याच घरांत आश्रित होते.

तिसरा मार्ग असा कीं, उपभोग आणि मालकी हीं दोन वेगळीं करावीं. उपभोग पत्नीला तिच्या हयातीपर्यंत; मालकी तिच्या पश्चात् मुलांस. साध्या मराठींत लिहावयाचें तर असें: ‘माझ्या राहत्या घरांत माझ्या पत्नीनें ती जिवंत असेपर्यंत राहावें, तें विकण्याचा अथवा गहाण टाकण्याचा अधिकार तिला नाहीं, तिला तेथून काढण्याचा अधिकार कोणास नाहीं, तिच्या पश्चात् तें माझ्या चारही मुलांस समान मिळावें.’ मुलांचीं नांवें एकेक करून लिहावीं. हा हक्क मुलांस बापाच्या मृत्यूबरोबरच प्राप्त होतो, ताबा तेवढा मागाहून मिळतो. म्हणून सावत्र आईच्या आधीं एखादा मुलगा वारला तरी त्याच्या बायकामुलांचा हिस्सा बुडत नाहीं. मात्र हें शब्द निःसंदिग्ध असतील तरच. ‘जिवंत असतील त्यांस’ असें लिहिलें तर अर्थ फिरतो. येथें वकिलाचे पैसे वांचवूं नयेत.

मृत्युपत्रांत आणखी बारकावे लागतात. घरपट्टी कोणीं भरावी, मोठी डागडुजी कोणीं करावी, बाईला एक खोली भाड्यानें देतां यावी किंवा कसें, आणि इमारत पाडून नवी बांधली तर नवी सदनिका जुन्या घराच्या जागीं धरावी किंवा काय, हें लिहून ठेवावें. शेवटला प्रश्न पूर्वीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हता. आज आपल्या स्टेशनाजवळच्या जुन्या इमारतींतून तोच पहिला प्रश्न असतो.

घर पळून जात नाहीं; पैसा जातो. म्हणून ठेवी आणि भाड्याचें उत्पन्न ह्यांसाठीं नुसता हयातीचा हक्क पुरत नाहीं, तेथें ट्रस्ट करावा. १८८२ च्या भारतीय ट्रस्ट कायद्याप्रमाणें तो मृत्युपत्रांतूनच निर्माण करतां येतो. रक्कम विश्वस्तांच्या हातीं राहते. व्याज दर तीन महिन्यांनीं पत्नीस मिळतें. आजारपणांत मुद्दलांतून किती काढावें ह्याची मर्यादा घातलेली असते. आणि ती वारल्यावर उरलेलें मुद्दल मुलांस जातें. विश्वस्तांनीं स्वच्छ हिशेब ठेवला पाहिजे आणि त्या पैशांतून स्वतःचा फायदा करून घेतां कामा नये, हें त्याच कायद्यांत आहे. आमचें मत असें कीं विश्वस्त तीन असावे: एक पहिल्या मुलांपैकीं, एक पत्नीच्या विश्वासांतला, आणि एक कोणाचाच नसलेला. पाद्र्यास विश्वस्त करूं नये. त्याची बदली होते.

अमेरिकेंत राहणारे आपले कांहीं नातलग ह्या व्यवस्थेस ‘मॅरिटल ट्रस्ट’ म्हणतात, आणि तेथील वकील ती फार सुचवितात. तेथें १९८१ च्या कर-कायद्यानें अशा विशिष्ट ट्रस्टला एक सवलत दिली: उत्पन्न विधवेस आणि मुद्दल शेवटीं पहिल्या मुलांस अशी तजवीज केली तरी वारसा-कर नवऱ्याच्या मृत्यूच्या वेळीं न बसतां विधवेच्या मृत्यूपर्यंत लांबतो. आपल्याकडील मृत्यु-कर १९८५ सालींच रद्द झाला. तेव्हां येथें कर वांचविण्याचें निमित्त नाहीं; घर वांचविण्याचें आहे.

ह्या मार्गाचा एक दोषही सांगितला पाहिजे. दुसरी पत्नी कित्येकदां नवऱ्याहून पुष्कळ लहान असते. तिचें वय ४५ आणि थोरल्या मुलाचें २८ असेल, आणि ती देवदयेनें ८५ वर्षें जगली, तर बापाचें घर हातीं येतांना मुलगा ६८ वर्षांचा असेल. आईच्या मरणाची वाट पाहावयास लावणें हें मुलाच्या आत्म्यालाही हितकर नव्हे. म्हणून सर्वच कांहीं हयातीच्या हक्कांत अडकवूं नये. घर आणि एक ठेव पत्नीसाठीं राखावी. वाडीचा तुकडा किंवा दुसरी ठेव मुलांस सरळ आणि तात्काळ मिळेल असें करावें, आणि जमल्यास अब्राहामाप्रमाणें आपण जिवंत असतांनाच द्यावें.

‘विधवा राहील तोंवर’ अशी अट घालावी काय, असें आम्हांस विचारण्यांत येतें. आम्हांस ती अट आवडत नाहीं. ज्यानें स्वतः पुनर्विवाह केला त्यानें कबरेंतून बायकोचा पुनर्विवाह अडवावा हें शोभत नाहीं. तिच्या डोक्यावरचें छप्पर हयातीपर्यंत असूं द्यावें. व्याजाविषयीं निराळें ठरवावयाचें असल्यास ठरवावें.

उरलेल्या गोष्टी थोडक्यांत. मृत्युपत्रावर सही करणारानें ती दोन साक्षीदारांसमक्ष करावी अथवा त्यांस आपली सही कबूल करावी, आणि त्या दोघांनीं त्याच्यासमक्ष सह्या कराव्या. ज्याला कांहीं द्यावयाचें आहे तो, किंवा त्याची बायको अथवा नवरा, साक्षीदार नसावा. मृत्युपत्र टिकतें, पण त्याची देणगी बुडते. नोंदणी सक्तीची नाहीं, परंतु सावत्र नात्यांच्या घरांत ती अवश्य करावी. बँकेंत ज्याचें नांव नॉमिनी म्हणून लागलें तोच मालक, हा समज सोडून द्यावा. नॉमिनी पैसे स्वीकारतो, त्यानें तो मालक होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं बँक-ठेवींच्या बाबतींत स्पष्ट केलें आहे. तरीही तें नांव एकदां पाहून घ्यावें. कित्येकांच्या पासबुकावर अजून स्वर्गवासी पत्नीचेंच नांव असतें.

देवळाला देणगी ठेवण्याविषयींही बोलतों, कारण आम्ही न बोललों तर लोक कुजबुजतील. पुतण्याभाच्याइतका किंवा त्याहून जवळचा नातलग असणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यानें मृत्युपत्रानें धर्मकार्यास दिलेली देणगी, मृत्युपत्र मरणापूर्वीं निदान बारा महिने केलेलें नसल्यास व ठराविक मुदतींत तें सरकारांत जमा केलेलें नसल्यास, व्यर्थ ठरे. जॉन वल्लमट्टम ह्यांच्या खटल्यांत २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें ११८ वें कलम घटनाविरुद्ध ठरवून रद्द केलें. कायद्याचा अडसर गेला हें बरें झालें. पण ज्या घरांत विधवेचें छप्पर आणि पहिल्या मुलांचा हिस्सा अद्याप लिहिला गेला नाहीं, त्या घरची देणगी आम्हांस देवळाच्या पेटींत नको आहे. आधीं तें लिहा, मग घंटेसाठीं वर्गणी द्या.

शेवटीं, हें सर्व लिहून झालें म्हणजे घरांतल्या मोठ्या मुलांस आणि पत्नीस एकत्र बसवून वाचून दाखवावें. त्या संध्याकाळीं कोणी रडेल, कोणी रागावून उठून जाईल. बाप समोर जिवंत बसलेला आहे तोंवर त्या रागाला उत्तर देतां येतें. पहिल्या पत्नीचें नांवही त्या बैठकींत मोकळेपणानें घ्यावें. पुष्कळ घरांतून तें वर्षानुवर्षें कोणी उच्चारीत नाहीं, आणि मुलांचें खरें दुखणें वाडीपेक्षां तेंच असतें.

सभेनंतर ज्यांस विचारावयाचें असेल त्यांनीं देवळाच्या मागच्या खोलींत यावें. येतांना मूळ दस्तऐवज आणूं नयेत, नकला पुरेत.